बोयाच्या आतली सहा वर्षं

"साहेब, मग सहा वर्षं मी होतो तरी कुठे?"

इक्बाल मुकादम माझ्या टेबलासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. हातातली प्लास्टिकची फाईल त्याने टेबलावर ठेवली आणि वरच्या कागदावर बोट टेकवलं. मुंबईच्या नौवहन ऑफिसातून त्याचा अर्ज परत आला होता. शेरा एका ओळीचा. सेवा बंदराच्या हद्दीतली आहे, सबब ग्राह्य नाही. काही म्हणणं असेल तर तीस दिवसांत पुराव्यासह मांडा.

"कोण म्हणतं हद्दीतली?" मी विचारलं.

"आपलीच कंपनी म्हणते. वाचा ना तुम्ही."

रत्नागिरीच्या उत्तरेला एका खाडीत आमचं बंदर. नाव सांगत नाही. कंपनीचंही नाही. सांगितलं तर वकिलाची नोटीस येईल, आणि माझ्या वाट्याच्या नोटिसा आता पुरेशा झाल्यात. मी मूळचा सावर्ड्याचा. घरची भातशेती, समुद्राशी संबंध बाजारातल्या सुक्या बांगड्यापुरता. तरी तीस वर्षं परदेशी जहाजांवर काढली, कॅप्टन झालो, आणि जहाजं सोडल्यावर या टग कंपनीत मरीन सुपरिंटेंडंट म्हणून लागलो. म्हणजे टगनी कुठे जायचं, कधी जायचं, कोणाला घेऊन जायचं हे ठरवणारा माणूस. टग म्हणजे ताकदवान, ठेंगणी बोट. मोठं जहाज धक्क्याला ढकलायचं किंवा बिनइंजिनाची बार्ज दोराने ओढत न्यायची, ही तिची दोन कामं.

आमच्याकडे दोन टग होत्या. एक जहाजं धक्क्याला लावायची. दुसरी, जिच्यावर इक्बाल खलाशी होता, ती बार्ज ओढत किनाऱ्याने जायची. कधी मुंबई, कधी गोवा, कधी पार गुजरात. पावसाळ्याचे चार महिने ती खाडीत उभी असायची आणि पहिलीच्या मदतीला जायची. बाकीचे आठ महिने निम्म्याहून जास्त दिवस ती बाहेरच. हे बंदरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

इक्बाल तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. खाडीपलीकडच्या गावातला, तीन पिढ्या दर्यावर. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, दोराने नेलेली. ताण आलेला टगचा दोर सुटला तर तो विचारत नाही, बोट आहे की खुंटा. आठ बोटांनी ओला दोर आणखी किती वर्षं ओढणार? म्हणून त्याला परीक्षा द्यायची होती. किनाऱ्याजवळच्या जहाजांवर ऑफिसर होण्याची एक परीक्षा असते. ती पास झाली की माणूस दोरावरून ब्रिजवर जातो. म्हणजे जहाज चालवायच्या केबिनमध्ये. पण परीक्षेला बसायच्या आधी डेकवरची छत्तीस महिन्यांची समुद्रसेवा दाखवावी लागते. समुद्रसेवा म्हणजे बोटीवर नोकरी केली एवढंच पुरत नाही. बोट समुद्रात गेलेली पाहिजे. आमच्या खाडीच्या तोंडाबाहेर काही मैलांवर एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बोया तरंगतो. त्याच्या आत बंदर, बाहेर समुद्र. आत सहा वर्षं काय आणि साठ काय, हिशेबात शून्य.

नियम वाईट नाही. ज्याने रात्री उघड्या समुद्रात दुसऱ्या जहाजाचा दिवा ओळखला नाही, त्याच्या हातात जहाज देऊ नये. माझं नियमाशी भांडण नव्हतंच. नियमात बसणाऱ्या माणसाला उचलून नियमाबाहेर ठेवलं होतं, भांडण त्याच्याशी होतं.

कंपनीचं पत्र वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सदर टग संपूर्ण कालावधीत बंदराच्या हद्दीत कार्यरत होती.' संपूर्ण कालावधीत! खाली सही हेड ऑफिसच्या जनरल मॅनेजरांची. त्यांना आपण नाडकर्णी म्हणू.

इक्बालसमोरच फोन लावला.

"नाडकर्णी साहेब, मुकादमच्या सर्व्हिस लेटरमध्ये चूक झालीय."

"चूक नाहीये, कॅप्टन. लीगलने बघूनच दिलंय."

"टग मागच्या महिन्यात गोव्याला होती. तुम्हीच गेलात ना बार्ज बघायला?"

"फोनवर नको."

"फोनवर नको तर कुठे? माणूस समोर उभा आहे माझ्या."

त्यांनी आवाज खाली आणला. "तिचं लायसन्स हार्बरचं आहे. इन्शुरन्स हार्बरचा आहे. बाहेर गेली म्हणून लिहून दिलं तर उद्या पोर्ट आपलं काँट्रॅक्ट काढून घेईल. कोस्टल लायसन्स प्रोसेसमध्ये आहे, तुम्हाला ठाऊक आहे. एका खलाशासाठी सगळी कंपनी खड्ड्यात घालू का?"

किनाऱ्याने टग न्यायची तर तिच्यावर सर्टिफिकेटवाले ऑफिसर लागतात, जास्त माणसं लागतात, विमा वेगळा लागतो. आमची टग एका सारंगाच्या भरवशावर जायची. सारंग म्हणजे टगचा मुख्य. त्याचं सर्टिफिकेट खाडीपुरतं. कामाला कोकणकिनारा आणि कागदाला खाडी, असा हा सहा वर्षांचा कारभार. वर शिरजोरी अशी की जणू इक्बालच कंपनी बुडवायला निघालाय.

फोन ठेवला तर इक्बाल म्हणाला, "कुवेतला भाऊ आहे माझा. तो म्हणतो, ये, गोदामावर लावतो. मी त्याला सांगितलं, ऑफिसर होऊन जहाजाने येईन. हसले सगळे घरात." मग फाईल माझ्याकडे सरकवत, "कोर्सला सीट मिळालीय साहेब. दोन वर्षं नंबर लावून मिळालीय. पत्र नाही दिलं तर जाईल."

"बोटं कुठे गेली तुझी?" मी विचारलं. मी ऐकून होतो, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"श्रीवर्धनच्या समोर. पंधरा-वीस मैल बाहेर."

मी अपघाताची फाईल काढली. माझ्या आधीच्या सुपरिंटेंडंटने भरलेला फॉर्म. अपघाताचं ठिकाण: धक्का क्रमांक एक. अरे, काय माणसं आहेत! माणसाची तुटलेली बोटंसुद्धा उचलून बंदरात आणून टाकलीत. इक्बालने फॉर्म वाचला, त्याखालची स्वतःची सही बघितली आणि म्हणाला, "हॉस्पिटलात आणून दिलेला. इंग्रजी होता. उजवा हात चांगला होता ना, सही केली."

पुरावा म्हणजे लॉगबुक. बोटीवर काय घडलं ते तासातासाला लिहायची वही. हेड ऑफिसकडे लॉगच्या टाईप केलेल्या प्रती होत्या, त्यात काय असणार ते दिसतच होतं. पण मूळ वह्या टगवर होत्या. सारंग नारायण तांडेल वही हाताबाहेर जाऊ देत नसे. मी आणि इक्बाल टगवर गेलो.

नारायण रिटायर व्हायला आलेला. बोलणं कमी, तेही कपाळाला आठ्या घालून.

"नारायणभाऊ, जुन्या वह्या काढा."

"कशाला?"

इक्बालने सांगितलं. नारायणने ऐकलं आणि बंकखालच्या खणातून वह्या काढून दिल्या. सहा वर्षांच्या सोळा वह्या. उघडून बघतो तर माझा चेहराच पडला. टग खाडी सोडून सुरतेला गेलेली असो की वेंगुर्ल्याला, वहीत एकच. 'हार्बर ड्युटी. स्टँडबाय.' पानांमागून पानं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"हापिसान सांगितलान तसा लिवला. साहेब लोकांचा हुकूम."

"आता कसं सिद्ध करायचं तुम्ही बाहेर गेलात ते?"

नारायण माझ्याकडे असं बघायला लागला की यानेच तीस वर्षं जहाज हाकलं काय. त्याने माझ्या हातातून वही घेतली, जाड बोट एका ओळीवर ठेवलं. 'स्टँडबाय'च्या शेजारी, बारीक अक्षरात: ०५४०, नारळ दिला.

"सायब, नारल खाडीत देत नाय कोण. बोया मागं पडला की देताव. माजा बापूस देयाचा, मी देताव. देयाचा नि लिवायचा. दर्याचा होता तो दर्याला दिला, त्यात खोटा कशाला लिवू?"

मी पानं उलटत गेलो. दर खेपेला एक नारळ. तारीख, वेळ. एकदा 'नारळ दिला, खवट निघाला, दुसरा दिला' असंही. हेड ऑफिसच्या टायपिस्टने ही ओळ पूजा-अर्चा समजून गाळलेली असणार. हार्बर ड्युटी खोटी लिहायला नारायणला काही वाटलं नव्हतं, ती साहेबाची बाब. नारळाची वेळ चुकीची लिहायला मात्र तो मेला तरी तयार झाला नसता. आमच्या किनाऱ्यावर अशी माणसं भरपूर. सरकारी कागदावर डोळे मिटून सही करतील आणि देवाच्या वहीत मिनिटाचीही फेरफार करणार नाहीत.

परत येण्याची नोंद नव्हती. पण टग खाडीत असली की धक्क्याला लावलेल्या जहाजांची नावं वहीत असायची. म्हणून मी हिशेब असा धरला. नारळाच्या दिवसापासून पुढच्या जहाजाच्या नावापर्यंत टग बाहेर. त्यातून इक्बालच्या रजा वजा. आम्ही तिघं टगच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस बसलो. मग नारळांच्या तारखा घेऊन मी पलीकडच्या बंदरांत ओळखीच्या लोकांना फोन केले. त्यांच्या आगमनाच्या रजिस्टरात आमच्या टगचं नाव तारखेला तारीख जुळत होतं. त्यांनी उतारे पाठवले.

बेरीज आली तेहतीस महिने अकरा दिवस. छत्तीसला तीन कमी. इक्बालने बेरीज दोनदा तपासली आणि पेन खाली ठेवलं.

"तीन कमी, पण शून्य नाही ना?" तो म्हणाला.

चौथ्या दिवशी नाडकर्णींचा फोन. कोणीतरी कळवलं होतं.

"जुनी लॉगबुकं ताबडतोब कुरियर करा. ती कंपनीची प्रॉपर्टी आहे."

"करतो."

"आज."

"आजच. झेरॉक्स झाली की."

"झेरॉक्स कशाला? कॅप्टन, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"टग जिथे गेली त्या बाजूने."

मला स्वतःचं हे वाक्य फार आवडलं. संध्याकाळपर्यंत मी ते तीन जणांना ऐकवलं. गावातल्या झेरॉक्सवाल्याने दीड दिवस मशीन तापवून सोळा वह्यांच्या प्रती काढल्या. मी रागात होतो, आणि रागात माणसाला आपण स्वच्छ आहोत असं वाटायला लागतं.

मग पुराव्याची फाईल लावायला बसलो. प्रत्येक खेपेला तीन कागद एकत्र टाचायचे. नारळाच्या पानाची प्रत, समोरच्या बंदराचा उतारा आणि आमच्या ऑफिसचा मूव्हमेंट ऑर्डर. हा ऑर्डर म्हणजे टग हलवायचा हुकूम. पहिल्या चार वर्षांचे माझ्या आधीच्या माणसाच्या सहीचे. शेवटच्या दोन वर्षांचे माझ्या.

पहिलाच काढला. टग, बार्ज, तारीख. कुठे जायचं? 'अँकरेज.' अँकरेज म्हणजे नांगर टाकून थांबायची जागा, बंदराच्या हद्दीतलीच. त्या दिवशी नारायणने पहाटे नारळ दिला होता आणि तिसऱ्या दिवशी टग मुंबईत पोचली होती. माझ्या सहीने ती अँकरेजला होती. दुसरा काढला, अँकरेज. तिसरा, अँकरेज. दोन वर्षांचा गठ्ठा, सगळीकडे माझी झोकदार सही.

मी काय विसरलो होतो असं नाही. नोकरीला लागलो तेव्हा नाडकर्णींनीच सांगितलं होतं, लायसन्स येईपर्यंत असं लिहा, महिन्याभराचा प्रश्न आहे. मी लिहिलं. पुढे सवय झाली. सकाळचा चहा, मूव्हमेंट ऑर्डर, अँकरेज. ज्या कारभारावर मी चार दिवस बोंबलत होतो, त्याच्या शेवटच्या दोन वर्षांच्या कागदांवर शाई माझी होती. लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी मनात आलं की हे ऑर्डर फाईलला लावलेच नाहीत तर?

लावले नसते तर चाललं नसतं. नारळ आणि रजिस्टर जुळत होते, पण ऑफिसात कोणीही विचारलं असतं की कंपनी म्हणते आत, तुम्ही म्हणता बाहेर, पाठवलं कोणी? त्याचं उत्तर देणारा माणूस लागणार होता. तो एकच होता.

नारायणला सांगितलं, "यात तुमचं सर्टिफिकेटही अडकेल. खाडीच्या सर्टिफिकेटवर बाहेर गेलात."

"गेलो ता गेलो," तो म्हणाला. "ह्याची बोटा गेली तवा चाक माज्या हातात होता. द्या पाठवून."

मी नवीन पत्र लिहिलं. टग अमुक अमुक तारखांना बंदराच्या हद्दीबाहेर गेली होती. हे प्रवास परवान्याशिवाय झाले. त्यांतले शेवटच्या दोन वर्षांतले माझ्या हुकुमाने झाले आणि त्या हुकुमांत मी ठिकाण खोटं लिहिलं. खाली सही. या वेळी झोकदार आली नाही.

इक्बालला घेऊन मी मुंबईला गेलो. नौवहन ऑफिसातल्या बाईंनी फाईल शांतपणे शेवटपर्यंत वाचली. वयाने माझ्या मुलीएवढ्या. नारळाच्या पानांशी थांबल्या, इक्बालला दोन-तीन प्रश्न विचारले. कुठला दिवा कुठून दिसतो, बार्ज ओढताना रात्री कोणते दिवे लावायचे. त्याने धडाधड सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"कॅप्टन, हे पत्र लिहून देण्याचा अर्थ तुम्हाला कळतो?"

"कळतो."

"टग बाहेर जाते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग दोन वर्षं काय करत होतात?"

 त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फाईलवर काहीतरी लिहिलं.

पुढे काय झालं ते सांगतो आणि माझा रक्तदाब वाढवून घेतो. इक्बालचे तेहतीस महिने मान्य झाले. तीन कमी पडले म्हणून कोर्सची सीट गेली. दोन वर्षांच्या नंबराची सीट! नारायणचं सर्टिफिकेट वर्षभरासाठी निलंबित झालं आणि कंपनीने त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं. माझं सर्टिफिकेट सहा महिने निलंबित, नोकरी गेली. आणि कंपनीला काय? सक्त ताकीद. सहा वर्षं 'प्रोसेसमध्ये' असलेलं कोस्टल लायसन्स त्यानंतर पंधरा दिवसांत आलं. पंधरा दिवसांत! म्हणजे हवं तेव्हा येतच होतं. नाडकर्णी आज दुसऱ्या बंदरात आहेत, मोठ्या पदावर. सुरक्षिततेवर भाषणं देतात म्हणे.

इक्बालने एका मालवाहू कोस्टल जहाजावर खलाशी म्हणून उरलेले महिने भरले. पुन्हा नंबर लावून कोर्स केला. तोंडी परीक्षेत एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. सर्टिफिकेट हातात आल्यावर तो सावर्ड्याला आमच्या घरी आला. येताना सुरमई आणली. बायकोने ती आत नेली. मी वाट बघत होतो की हा आता आभार मानेल आणि मी म्हणेन, अरे त्यात काय एवढं. वाक्य तयार होतं.

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"आम्ही बाहेर जायचो तेव्हा तुम्ही ऑफिसच्या खिडकीत यायचात. हात करायचात. टग खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत उभे असायचात. मला बरं वाटायचं. घरी सांगायचो, नवीन साहेब चांगला आहे, हात करतो."

"हो."

"हात करून झाल्यावर आत बसून तो अँकरेजचा कागद लिहायचात?"

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. राग नव्हता त्याच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं. कप आत नेऊन ठेवला, बायकोला सलाम केला आणि हायवेवर गाडी पकडायला निघून गेला.

समुद्रावर जाणारी पोरं अजून माझ्याकडे फॉर्म भरायला येतात. त्यांना मी सांगतो की आपली बोट कुठे गेली, किती दिवस गेली, ते रोज आपल्या वहीत आपल्या हाताने लिहा आणि दर महिन्याला त्याच्यावर मास्तराची, म्हणजे बोटीच्या कॅप्टनची, सही घ्या. साहेबाच्या भरवशावर राहू नका. साहेब चांगला असला तरी. खिडकीतून हात करणारा असला तर मुळीच नको.